कारखान्याचा शेजारधर्म

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला. गावाच्या विस्तारासाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती. तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेला माळ होता तो. तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती किर्लोस्करवाडी वसली.

ही गोष्ट आपण उद्योजकाच्या जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती जागेच्या निवडीची गोष्टही वाटते. कारखान्याने पिकाऊ काळे रान घेतले नाही, माळ घेतला. रेल्वे दाराशी होती. आणि जो माल तयार होत होता, तो भोवतालच्या शेतकऱ्याच्या कामाचा होता. लक्ष्मणराव तरुणपणी चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. रेषेची जाण असलेल्या माणसाने वसवलेले हे गाव आहे.

पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कारखानदारी मुंबईबाहेर अधिक पसरू लागली. दुष्काळी तालुक्यांतल्या कित्येक घरांत महिन्याचा पगार आला तो यामुळेच. कारखाने गावाकडे येऊ नयेत, असे म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. पण गावाकडे आलेली इमारत बहुतेक वेळा कुठल्याच गावची नसते. चाकण असो, सुपे असो की बुटीबोरी, तीच निळी पत्र्याची शेड, दर्शनी बाजूला काच आणि ॲल्युमिनियमचे तक्ते, पुढे हिरवळीचा तुकडा आणि चारही बाजूंनी सिमेंटच्या तयार फळ्यांची भिंत. जमिनीचा उतार, वाऱ्याची दिशा, शेजारचे शेत यांचा या आराखड्यावर कसलाच परिणाम झालेला दिसत नाही.

यावर हल्ली एक सोपा उपाय निघाला आहे. कार्यालयावर कौलारू उतरते छप्पर चढवायचे, स्वागतकक्षात वारली चित्रे काढायची, फाटकाशी बैलगाडीचे चाक टेकवायचे. मालकाचा हेतू चांगला असतो, पण ही गावाची वेशभूषा झाली. उतरते कौलारू छप्पर कोकणात रुजले, कारण तिथला पाऊस तसा आहे. किर्लोस्करवाडीच्या पलूस-तासगाव पट्ट्यात पाऊस वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. कोकणात त्याच्या चार-पाच पट. म्हणून सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागात जुनी घरे जाड भिंतींची, माळवदाची. सपाट माळवदावर धान्य वाळत घालायचे, उन्हाळ्यात रात्री झोपायचे. अशा मुलखात कोकणी छप्पर आणले, तर पत्र्याच्या शेडइतकेच तेही परके.

कारखान्याची इमारत गावात बसते की नाही, हे तिच्या दर्शनी रूपापेक्षा तिच्या कडांवर ठरते, असे माझे म्हणणे आहे. कडा म्हणजे जिथे कारखाना संपतो आणि गाव सुरू होते त्या जागा. पावसाचे पाणी कुठून बाहेर पडते, रात्री उजेड कुठवर जातो, वाट कुठे अडते, माणसे कुठे थांबतात. चांगला शेजारी आपण असाच ओळखतो. त्याच्या घराचा रंग कोणता, हे नंतर पाहतो.

आधी पाणी. एक एकर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वर्षाला सुमारे २४ लाख लिटर पाणी होते. वळवाच्या एका जोरदार सरीत तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर दोन लाख लिटर. पूर्वी हेच पाणी माळाच्या मुरमात काही मुरायचे, उरलेले ओघळीने ओढ्याला जायचे. आता ते सगळे पन्हळीतून एकाच कोपऱ्यात कोसळते. एका कारखान्याची कुंपणभिंत मी पावसाळ्यात मागच्या अंगाने पाहिली आहे. भिंत सरळ रेषेत ओघळीवरून गेलेली. तळाशी पाण्यासाठी सहा इंची पाईप टाकलेला, त्याच्या तोंडाशी प्लास्टिक आणि काडीकचरा अडकलेला. वरच्या बाजूच्या शेतकऱ्याचा भुईमूग गुडघाभर पाण्यात, आणि खालच्या बाजूच्या विहिरीकडे येणारा प्रवाह बंद. नकाशावर ती ओघळ नव्हती, कारण मोजणी उन्हाळ्यात झाली होती. गावातल्या कोणत्याही गुराख्याने ती दाखवली असती.

याला फार खर्चही येत नाही. ओघळीच्या जागी भिंत सोडून जाळीचे कुंपण घालायचे, ओघळीचे पात्र दोन्ही बाजूंनी मोकळे ठेवायचे, छपराचे पाणी शेततळ्यात घेऊन वरचे सांडव्याने ओढ्याला सोडायचे. हे तळे फाटकाच्या आत शोभेसाठी न ठेवता शिवेलगत ठेवले, तर भोवतालच्या विहिरींनाही त्याचा पाझर मिळेल. मात्र यात फक्त छपराचे पाणी जावे. यंत्रांच्या तेलकट फरशीचे आणि सांडपाण्याचे गटार पूर्ण वेगळे असले पाहिजे. तिथे ढिलाई झाली, तर बाकीची सगळी सुबकता वाया.

मग उजेड. जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आठवा. त्यांच्या काचा उत्तरेकडे असत, म्हणजे थेट ऊन टाळून दिवसभर एकसारखा प्रकाश आत येई. आपल्याकडे मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. किर्लोस्करवाडीच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावलीचा दिवस ओलांडला की हे घडते. म्हणून युरोपातले करवती छप्पर जसेच्या तसे उचलून चालत नाही, काचेवर छोटा छज्जा काढावा लागतो. एवढे केले, तर ऐन दिवसा दिवे लावायची गरज फार कमी उरते. पश्चिमेला काचेचा पडदा उभा करून तो थंड ठेवण्यासाठी वीज जाळणाऱ्या कार्यालयापेक्षा हा छोटा छज्जा त्या जागेला जास्त ओळखतो.

रात्रीच्या उजेडाचा विचार तर कोणी करतच नाही. सोयाबीन हे रात्रीच्या अंधाराची लांबी ओळखून फुलणारे पीक आहे. कुंपणावरच्या प्रखर दिव्यांचा झोत शेतात पडत राहिला, तर तेवढ्या पट्ट्यातले पीक उशिरा फुलते, उशिरा पक्व होते. बाकी रान पिवळे पडून कापणीला आले, तरी भिंतीलगतचा पट्टा हिरवागार. शेतकऱ्याला तो मागून वेगळा कापावा लागतो किंवा सोडून द्यावा लागतो. दिव्यांची तोंडे खाली वळवून त्यांना टोपण लावले, की हा तंटा मिटतो.

तिसरी गोष्ट उंचीची. क्रेन चालवायची तर छप्पर आठ-दहा मीटर उंच हवे, मधे खांब नकोत. ही गरज खरी आहे, ती लपवू नये. पण कारखान्यात सगळेच काही क्रेनखाली चालत नाही. उपाहारगृह, कार्यालय, भांडार, दवाखाना, पाळणाघर यांना एकमजली उंची पुरते. हे सगळे गावाच्या बाजूला ठेवावे, काळ्या दगडाच्या किंवा गावच्या विटेच्या भिंतीत बांधावे, मधे अंगण सोडावे आणि उंच दालन मागे, उताराच्या खालच्या अंगाला न्यावे. पत्र्याला चकाकणारा निळा रंग देण्याऐवजी माळाच्या मातीशी जुळणारा मंद रंग द्यावा. झाडे लावताना कडुनिंब, करंज, वड यांना पहिला मान द्यावा. रोज पाणी मागणारी हिरवळ टँकरवर जगणाऱ्या गावात शोभत नाही.

उरले फाटक. इथे एक परदेशी उदाहरण सांगावेसे वाटते. इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली येथे ऑलिव्हेट्टी कंपनीने १९५५ मध्ये कारखाना उघडला. वास्तुरचनाकार लुइजी कोसेन्झा यांनी समुद्राकडे पाहणाऱ्या टेकडीवर, उताराशी जुळवून, क्रुसाच्या आकाराची बुटकी इमारत रचली. तिचे हात लांब आणि अरुंद, त्यामुळे काम करणाऱ्याला खिडकी जवळ; मधल्या जागांत बागा. कामाच्या जागेचे सौंदर्य हा कामगाराचा हक्क आहे, अशी अद्रियानो ऑलिव्हेट्टी यांची धारणा होती. त्याच कारखान्यात नोकरभरतीचे काम केलेल्या ओत्तिएरो ओत्तिएरी यांनी १९५९ मध्ये त्या अनुभवावर कादंबरी लिहिली. तिच्यात या देखण्या इमारतीच्या फाटकाबाहेर काम मागणाऱ्या बेकारांची रीघ आहे. अर्ज भरायला नकार देऊन फक्त काम मागणारा दोन्नारुम्मा आहे. उत्तम इमारतही गावाच्या भुकेचे उत्तर होत नाही, हे त्या कादंबरीने दाखवले, आणि ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

आपल्याकडे फाटकाबाहेरचे चित्र याहून निराळे नाही. सकाळी सातला पाळी बदलते. कंत्राटदाराचा मुकादम आज कोणाला आत घेणार, याची वाट पाहत पोरे रस्त्याच्या कडेला उकिडवी बसलेली. बायका भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत, डबा पदराखाली झाकून. जवळून ट्रक जातात. यांतल्या काहींच्या बापाचीच जमीन आत गेलेली असते. आराखड्यात या माणसांसाठी एक चौरस फूटही नसतो. भिंत रस्त्यापासून दहा-बारा मीटर मागे घ्यावी, तिथे पार बांधावा, वर छप्पर, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे, एसटीचा थांबा तिथेच यावा. नोकऱ्या यामुळे वाढत नाहीत. पण आपण दारात आलेल्या माणसाला माणूस समजतो, हे कारखाना पहिल्याच दिवशी सांगतो.

खर्चाचा आक्षेप येईल. यांतल्या बहुतेक निर्णयांना पैशापेक्षा वेळ लागतो, आणि तोही सुरुवातीचा. वास्तुरचनाकाराला बोलावण्याआधी एक पावसाळा ती जमीन पाहावी. गावातल्या दोन जाणत्या शेतकऱ्यांना आणि दोन बायांना सोबत घेऊन शिवार फिरावे. ओघळी, पाणंदी, गुरांच्या वाटा, म्हसोबाचा दगड, देवीच्या यात्रेचा रस्ता हे सगळे नकाशावर आणावे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेतला म्हणजे गावाशी बोलणे झाले, असे मानू नये. दाखल्यावर एक शिक्का असतो, शिवाराची माहिती नसते. औद्योगिक विकास महामंडळानेही भूखंडांची चौकट आखताना ओढे आणि पाणंदी आधी राखाव्यात, मग रेषा ओढाव्यात, कारण एकदा भूखंड आखला गेला की एकट्या मालकाच्या हातात फार थोडे उरते.

गावाने कारखान्याला जमीन दिली, मनुष्यबळ दिले, पाणी दिले. बदल्यात पगार मिळाला, हे खरे. पण पगार हा कामाचा मोबदला आहे, जमिनीवर शेजारी म्हणून राहण्याचा नाही. तो मोबदला वाहत्या ओघळीत, अंधाऱ्या रात्रीत, मोकळ्या पाणंदीत आणि फाटकाबाहेरच्या सावलीत द्यायचा असतो. पुढच्या वेळी एखाद्या कारखान्याचा आराखडा टेबलावर येईल, तेव्हा मालकाने दर्शनी बाजूचे चित्र बाजूला ठेवून मागच्या भिंतीचा नकाशा आधी मागावा. गावाला तीच बाजू रोज दिसते.