गेटच्या वहीत काय लिहायचं?

मित्र स्वतःच्या आजाराबद्दल खोटं बोलायचं ठरवतो आणि त्या खोट्याला आपली सही मागतो, तेव्हा मित्रानं काय करावं?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की माझे दोन शाळासोबती चहाच्या गाड्यावर भेटतात. एक मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता एका फाउंड्रीच्या गेटवर सुरक्षा रक्षक आहे. दुसरा त्याच फाउंड्रीत ठेकेदाराकडून फेटलिंगला. पहिल्याला सगळे फौजी म्हणतात, दुसऱ्याला मिस्त्री. परवा मीही त्यांच्यात होतो. आधी नेहमीच्या गप्पा झाल्या: पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला, फौजीचा गुडघा, मिस्त्रीच्या पोराची भरतीची तयारी. मग मिस्त्रीनं खरं काम काढलं. पुढच्या आठवड्यात कारखान्यात तपासणीची गाडी येणार होती. छातीचा एक्स-रे आणि फुंकून बघायचं मशीन. त्या दिवशी गेटच्या वहीत त्याला कामासाठी बाहेर गेलेला दाखवायचं, एवढंच त्याचं मागणं होतं.

फौजी : एवढंच म्हणतोस? वहीत खोटी नोंद घालू?

मिस्त्री : कुणाचं काय जातंय त्यात? माल पळवत न्हाई, पैसे खात न्हाई. छाती माझी, खोकला माझा.

फौजी : कधीपासनं हाय?

मिस्त्री : दिवाळीपासनं. शाहू स्टेडियमवर पीटीएमच्या फुटबॉल मॅचला ओरडाय गेलो, तर ठसका थांबंना. हाफटाइमला बाहेर येऊन बसलो. तवाच वळखलं मी. पण वळखून काय करू? एक्स-रेत डाग दिसला की ठेकेदार म्हणणार, उद्यापासनं येऊ नको.

हा डाग कशाचा असू शकतो, ते फाउंड्रीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. साचा वाळूचा. ओली असते तोवर ती बसून राहते. त्यात चौदाशे अंशांच्या आसपासचा रस ओतला की वाळू करपते, सुकते. साचा फोडताना आणि कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढताना, म्हणजे फेटलिंगमध्ये, तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकाघशातच बरीचशी अडकते. न दिसणारी फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथं व्रण धरते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयाला वाट करून देतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. मिस्त्रीला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, ते तपासणीच सांगेल. त्याला टाळायची आहे ती तपासणीच.

फौजी : ग्लेशियरवर आम्हाला बडी असायचा. दोघांची जोडी. एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. तिथं माझ्या बडीला रात्री खोकला लागला. मला शपथ घातली, कुणाला सांगू नको म्हणून. प्रमोशनचा कोर्स होता त्याचा, मेडिकल कॅटेगरी खाली गेली की संपलं. मी पहाटं रेडिओवर कळवलं. फुप्फुसात पाणी झालं होतं, त्याला खाली आणलं. वर्षभर बोलला न्हाई माझ्याशी.

मिस्त्री : पण त्याचं डोकं विरळ हवेनं बधिर झालं असंल. माझं डोकं ठिकाणावर हाय, भावा. मी हिशेब करून बोलतोय.

या उत्तरात दम होता. उंचावर प्राणवायू कमी पडला की माणसाला स्वतःची अवस्था धड कळत नाही, म्हणून दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं. पण शुद्धीवर असलेला, संसार चालवणारा माणूस म्हणतो की पाच वर्षं कमी जगेन पण पोराला रांगेला लावेन, तेव्हा त्याला वाचवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? रोज सकाळी सांगावच्या रस्त्यावर पळणारा त्याचा पोरगा 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायला झटतोय. अग्निवीर झाला तरी चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीसच कायम होणार. बापाचा हिशेब त्या चार वर्षांच्या पुढचा आहे.

फौजी : डोकं ठिकाणावर हाय, कबूल. पण भीती किती हाय? पगार जाईल या भीतीनं घेतलेला निर्णय तुझा कसा म्हणायचा?

मिस्त्री : मग गरिबानं घेतलेला एक पण निर्णय त्याचा न्हाई, असं म्हण की!

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मला आजही हे वाक्य अडवतं. भीतीपोटी ठरवलं म्हणून माणसाचं ठरवणंच रद्द केलं, तर ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे स्वतःचा शब्दही उरत नाही. फौजीनं ते वाक्य खोडलं नाही. त्यानं दुसरीकडून विचारलं.

फौजी : पोराला भरतीच्या मेडिकलचं काय सांगितलंस?

मिस्त्री : काही लपवू नको म्हटलं. आत गेल्यावर सापडलं तर घरी पाठवतात.

फौजी : आणि तू?

मिस्त्री : त्याला लष्कर बघतंय, मर्दा. तुम्हाला कॅटेगरी खाली गेली तरी हलकी ड्यूटी होती, पगार चालू होता. वर तू बडीचं नाव सांगितलंस तवा त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं. हितं तू माझं नाव सांगशील, तर मला न्यायला कोण येणार?

माझ्या मते सगळी कोंडी या प्रश्नात आहे. मोकळेपणानं आजार सांगणं हा सद्गुण आपण एकट्या माणसाच्या खांद्यावर टाकतो. लष्करात तो सोपा होता असं नाही, तिथंही माणसं लपवतात, फौजीनंच सांगितलं. पण सांगणाऱ्याला उचलून नेणारं कुणीतरी तिथं होतं. कारखान्यात तसं काहीच नाही, असं मात्र मिस्त्रीनं धरून चालू नये. सिलिकोसिस 1948च्या कारखाना कायद्यापासून सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत आहे आणि कामगारांच्या ईएसआय विमा योजनेत तो कामामुळे होणारा आजार म्हणून धरला जातो. या विम्यासाठी मिस्त्रीच्या पगारातून दर महिन्याला पाऊण टक्का कापला जातो, मालकाकडून सव्वातीन टक्के भरले जातात. ठेकेदाराचा कामगार असला तरी हा हक्क बुडत नाही. आजार कामामुळे झाला असं ठरलं तर काम बंद असेपर्यंत वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते, आणि कायमची क्षमता गेली तर त्या प्रमाणात दरमहा. हे मिळवायला हेलपाटे पडतात, कागद लागतात, हेही खरं. पण या सगळ्याची सुरुवात तपासणीच्या कागदानंच होते. मिस्त्री जो एक्स-रे चुकवतोय, तोच उद्या त्याचा पुरावा असेल.

फौजी : ऐक. वहीत मी खोटं लिहिणार न्हाई. आग लागली, भट्टी फुटली, तर आत कोण राहिलं ते त्या वहीवरनंच शोधतात. पण तुझं नाव सायबाच्या कानावर पण घालणार न्हाई. गाडी यायच्या आधी माझ्या सुट्टीच्या दिवशी आपण दोघं ईएसआयच्या दवाखान्यात जाऊ. रांगेत मी उभा राहतो. पुढं ठेकेदारानं काढलं, तर माझ्या पेन्शनीतनं तुझ्या पोराच्या खुराकाचं मी बघतो.

मिस्त्री : आणि मी आलोच न्हाई तर?

फौजी : तर वहीत खरं लिहीन. आत हाय म्हणून.

मिस्त्रीनं होकार दिला नाही, नकारही दिला नाही. शनिवारी पीटीएमची मॅच आहे, तिला येतोस का, असं त्यानं मला विचारलं आणि तो सायकलकडे गेला.

फौजी बरोबर वागला असं मला वाटतं. त्यानं मित्राच्या शरीरावर हक्क सांगितला नाही आणि मित्राच्या खोट्यातही सामील झाला नाही. खरं बोलायला लावणाऱ्यानं त्या खऱ्याच्या खर्चातला वाटा उचलायचा असतो, तो त्यानं स्वतःहून पुढे केला. हा वाटा खरं तर मालकाचा आणि ठेकेदाराचा आहे: धूळ ओढून घेणारं यंत्र, बारीक धूळ अडवणारा मास्क, डाग दिसलेल्या माणसाला धुळीबाहेरचं काम. ते होईपर्यंत गेटवरच्या मित्रालाच तो उचलावा लागणार.

फाउंड्रीत, वाळूच्या किंवा दगडाच्या धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. खोकला राहिला तर दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण कोणत्या खात्यात, किती वर्षं काम केलं ते सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. एक्स-रेत सिलिकोसिस पुष्कळदा क्षयासारखाच दिसतो आणि कामाची नोंद नसेल तर तो क्षय म्हणूनच धरला जातो.