गाळणी कोणासाठी?

नायट्रो इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या ट्रकचं इंजिन मुठीत मावतं, पण मिनिटाला 30 हजारांहून अधिक फेरे घेतं. त्याचं इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात काही प्रमाणात नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल. या इंजिनाला ऑइलची वेगळी सोय नाही. ताकद, वंगण आणि बराचसा थंडावा, सगळं एकाच नळीतून येतं. मफलरपासून टाकीपर्यंत एक नळी जाते. धुराचा दाब तिच्यातून टाकीत पोचतो आणि त्या दाबाने इंधन दुसऱ्या नळीतून कार्बोरेटरकडे ढकललं जातं. या दुसऱ्या नळीवर एक छोटा फिल्टर बसवलेला असतो.

शौकीन मंडळी या नळीची वाट बदलतात, त्याला कारणं आहेत. नळी तापलेल्या हेडला टेकली तर आतल्या इंधनात बुडबुडे होतात. फ्लायव्हीलला लागली तर घासून फुटते. वळण दाबलं गेलं की प्रवाह अडतो. फिल्टर चुकीच्या उंचीवर राहिला तर त्यात हवा साचते, आणि ट्रक उसळला की तीच हवा इंजिनाकडे जाते. म्हणून नळी शक्य तेवढी आखूड, उष्णतेपासून लांब आणि सैल वळणाची ठेवायची, आणि वाट बदलल्यावर कार्बोरेटरची निडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई, पुन्हा लावून घ्यायची. एक गोष्ट मात्र नवख्याच्या ध्यानात उशिरा येते. कचऱ्याने भरलेला फिल्टर कचऱ्याबरोबर इंधनही अडवतो, आणि इंधनाबरोबर तेलही. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन भलतंच तापतं, पिस्टन आणि स्लीव्ह खरवडून निघतात. इंजिनाच्या रक्षणासाठी बसवलेली वस्तूच त्याचा जीव घेते.

नगरकरांना ही विद्या परकी नाही. कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना 1972 मध्ये रस्त्यावर आली, आणि कंपनीचा कारखाना नगरचा. 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल, टाकीखालचा कॉक, त्यातली बारीक जाळी, तिथून कार्बोरेटरकडे जाणारी नळी. तत्त्व तेच. गाडी धापा टाकू लागली की मिस्त्री आधी म्हणायचा, ‘कचरा आलाय’, आणि नळी काढून फुंकायचा. शाळामास्तर, दूधवाले, पोस्टमन यांच्या एका पिढीला इंधनाचा मार्ग म्हणजे काय हे या गाडीने शिकवलं.

लूनामागचे हस्तीमल फिरोदिया नगरच्या जैन घराण्यातले. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. या घराण्याचा उल्लेख करण्याचं कारण वेगळं आहे. ज्या समाजातून हा उद्योजक आला, त्या समाजाकडे गाळणीचं एक फार जुनं शास्त्र आहे, आणि ते मिस्त्रीच्या शास्त्राच्या नेमकं उलट दिशेने विचार करतं.

जैन श्रावकाने पाणी गाळून प्यावं, हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. त्याचा पुढचा भाग फार थोड्यांना माहीत असतो. जाड कापडाची दुहेरी घडी घालून पाणी गाळायचं. मग ते कापड झटकायचं नाही, पिळायचंही नाही. ते उलटं धरायचं, त्यावर गाळलेलं पाणी हळुवार ओतायचं आणि कापडात अडकलेले सूक्ष्म जीव त्या पाण्याबरोबर खाली उतरवायचे. ते पाणी गटारात सांडायचं नाही. ज्या विहिरीतून पाणी काढलं त्याच विहिरीत ते परत सोडायचं, कारण एका विहिरीतले जीव दुसऱ्या विहिरीत जगतीलच असं नाही. वरून ओतलं तर आपटून मरतील, म्हणून बुडाला कडी असलेलं भांडं वापरायचं. ते पाण्याला टेकल्यावरच कलतं. गाळलेलं पाणीही कायमचं शुद्ध ठरत नाही. एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं उलटली की पुन्हा गाळायचं.

इथे धर्माचा मूळ प्रश्न उभा राहतो. गाळणी कोणासाठी असते? इंजिनाचा फिल्टर इंजिनासाठी असतो. जे अडकलं तो कचरा, त्याची विचारपूस कोणी करत नाही, आणि यंत्राच्या बाबतीत ते योग्यच आहे. रेतीच्या कणाला दुःख होत नाही. श्रावकाची गाळणी मात्र अडकलेल्यासाठी असते. पिणाऱ्याचं पोट सांभाळलं जातं तो वरचा लाभ. वाचवायचा असतो तो कापडावर राहिलेला जीव, जो डोळ्यांना दिसतही नाही. भौतिक कृती दोन्हीकडे एकच, पण शुद्धतेची कल्पना पार निराळी. एकीकडे शुद्ध म्हणजे नको ते बाहेर ठेवलेलं. दुसरीकडे शुद्ध म्हणजे कोणालाही इजा न करता मिळवलेलं.

हाच फरक साधूच्या तोंडावरच्या कापडातही दिसतो. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत 1900 मध्ये जन्मलेले आचार्य आनंदऋषी हे स्थानकवासी श्रमणसंघाचे आचार्य झाले आणि 1992 मध्ये नगरलाच त्यांचं देहावसान झालं. त्या परंपरेतले साधू तोंडावर मुखवस्त्रिका बांधतात. करोनाच्या काळात सगळ्या जगाने तोंडाला कापड बांधलं ते आधी स्वतःच्या, मग शेजाऱ्याच्या बचावासाठी. साधूच्या तोंडावरचं कापड हवेतल्या जीवांना श्वासाचा आणि बोलण्याचा आघात होऊ नये म्हणून असतं. कापड तेच, पण ज्याची काळजी वाहायची तो कापडाच्या पलीकडे आहे.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो जैन आचार्यांनीच सर्वांत आधी ओळखला होता. पाणी गाळलं तरी हिंसा पूर्ण टळत नाही. पाण्याचा थेंबही त्या दर्शनात सजीवच मानला आहे. म्हणूनच गृहस्थासाठी अणुव्रत आणि साधूसाठी महाव्रत अशा पायऱ्या आल्या. परिपूर्ण गाळणी कोणाकडेच नाही, हे मान्य करूनही गाळत राहायचं, ही भूमिका प्रामाणिक आहे. 48 मिनिटांच्या नियमामागेही तोच प्रामाणिकपणा दिसतो. एकदा दिलेला शुद्धतेचा निवाडा फार काळ टिकत नाही, असं तो नियमच सांगतो.

माणसांची गाळणी लावणारे मात्र हे विसरतात. नगर जिल्ह्याला त्याचा इतिहास दूरवर शोधावा लागत नाही. परंपरा सांगते, की संन्यासातून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने दूर ठेवलं आणि पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं. ती भावंडं पैठणहून निघाली आणि प्रवरेकाठी नेवाशाला आली. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, त्यांतल्या ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही नेवाशात आहे. गाळून बाहेर टाकलेल्या मुलाने त्या ग्रंथाच्या शेवटी जे मागणं मागितलं, त्यात वाईट माणसांना बाहेर काढा असं कुठेही नाही. त्यांचा वाकडेपणा जावो आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागो, एवढंच मागितलं आहे. दोष वेगळा करायचा आणि माणूस आपल्यातच ठेवायचा, इतकी सूक्ष्म गाळणी मराठीत त्याआधी कोणी मांडल्याचं दिसत नाही.

त्याच नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. शनीची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी, आणि त्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. नोव्हेंबर 2015 मध्ये एका स्त्रीने वर जाऊन तेल वाहिलं, तेव्हा मागाहून तिथे शुद्धीकरण केलं गेलं. नियमाच्या बाजूने बोलणारे शेकडो वर्षांच्या रूढीचा दाखला देत होते. पण नियम कधी, कशासाठी लावला आणि आज तो कोणाला अडवतो, हे कोणी तपासून पाहिलं नव्हतं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी जनहित याचिका केली होती. स्त्रियांचा मंदिरप्रवेशाचा हक्क राखणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने 1 एप्रिल 2016 रोजी स्पष्ट केलं. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा स्त्रियांसाठी उघडला.

धर्मस्थळाला शिस्त लागते, हे खरंच आहे. फिल्टर काढून टाकलेला ट्रक फार दूर जात नाही. एक रेतीचा कण कार्बोरेटरच्या भोकात बसला की खेळ संपतो. सोवळं, उपवास, मौन, गाभाऱ्यातली शांतता या सगळ्या गाळण्याच आहेत, आणि त्यांच्याशिवाय साधना विस्कळीत होते. आक्षेप गाळणी असण्याला नाही. ती वर्षानुवर्षं न उघडण्याला आहे, आणि तिच्यात काय अडकलंय याकडे पाठ फिरवण्याला आहे. न उघडलेल्या गाळणीत भक्तीही अडते, कारण भक्ती घेऊन येणारी माणसंच तिथे अडतात. शिंगणापूरला बाहेर थांबवलेल्या स्त्रिया शनीवर वाहायचं तेलच हातात घेऊन उभ्या होत्या.

शिंगणापूरचा नियम बदलायला याचिका, मोर्चे आणि न्यायालय लागलं. जिल्ह्यातल्या इतर देवस्थानांनी तितकं थांबू नये. प्रत्येक विश्वस्त मंडळाने वर्षातून एकदा आपले प्रवेशाचे, पंगतीचे आणि पूजेचे नियम भाविकांपुढे मोठ्याने वाचावेत, प्रत्येक नियम आज कोणाला बाहेर ठेवतो ते नाव घेऊन सांगावं, आणि ज्यांना बाहेर ठेवलं जातं त्यांना त्या सभेत सर्वांत आधी बोलू द्यावं.