शालेय वर्षाचा जमाखर्च

शाळेचे वर्ष सरत आले म्हणजे वार्षिक अहवाल वाचण्याचा प्रसंग येतो. मंडपात पालक बसलेले असतात, व्यासपीठावर पाहुणे असतात, आणि मुख्याध्यापक वर्षाचे वृत्त सांगतात : अमुक विद्यार्थी वक्तृत्वात पहिला आला, अमुक विद्यार्थिनीची कबड्डीच्या संघात निवड झाली, इतकी मुले चित्रकलेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. टाळ्या पडतात, बक्षिसे वाटली जातात. या आनंदात विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्यांचे नाव वाचले गेले नाही अशी बहुसंख्य मुले त्याच मंडपात बसून टाळ्या वाजवीत असतात. त्यांचे वर्ष रिकामे गेले असे समजावयाचे काय, हा प्रश्न आम्हांस पडतो. आणि आमच्या मते तो व्यवस्थेचा नसून नीतीचा आहे.

लासलगावाकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न फार स्पष्ट होतो. निफाड तालुक्यातील हे गाव कांद्याच्या पेठेमुळे देशभर ठाऊक आहे; येथील बाजार समिती १९४७ सालची. भोवतालच्या शेतकऱ्याच्या घरी दोन पंचांगे चालतात, एक शाळेचे व दुसरे कांद्याचे. आणि ती एकमेकांस विचारून तयार झालेली नाहीत. स्नेहसंमेलनाच्या तालमी साधारणतः डिसेंबर-जानेवारीत येतात. उन्हाळ कांद्याची रोपे शेतात लावण्याचे दिवसही तेच. पुढे दहावीची परीक्षा संपते न संपते तोच काढणी सुरू होते. ज्या घरी मजूर लावण्याची ऐपत आहे, त्या घरचा मुलगा शाळा सुटल्यावर तालमीस थांबतो. ज्या घरी ती नाही, त्या घरची मुलगी दप्तर ठेवून वाफ्यात उतरते. नाटकातील भूमिका वाटल्या जाण्यापूर्वीच निम्मी निवड होऊन गेलेली असते, आणि ती शाळेने केलेली नसते.

यावर कोणी म्हणेल की, स्पर्धा सर्वांस खुली आहे, परीक्षक निःपक्षपाती आहेत. मग अन्याय कोठे झाला? हा आक्षेप पोकळ नाही. तथापि त्याचे उत्तर आम्हांस नव्याने शोधावयास नको. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हाच मुद्दा मांडला होता. गरिबांची मुले गुरे राखण्यास व शेतकामास लागतात म्हणून ती शाळेत येत नाहीत. त्यांस शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे देऊन विद्येची गोडी लावावी, असे त्यांचे सांगणे होते. चढाओढीने शिष्यवृत्त्या देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य असली तरी तिने मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

येथे बक्षिसाची मूळ कल्पनाच निराळी आहे. जो येऊ शकत नव्हता त्यास आणण्यासाठी बक्षीस हवे होते. आज ते बहुधा जो येणारच होता त्यास मिळते. दहावीच्या परीक्षेत खेळ व चित्रकला यांतील प्रावीण्यास वाढीव गुण देण्याची पद्धत राज्यात आहे. तिचा हेतू चांगला आहे, कारण केवळ पाठांतरास मान देण्याची जुनी खोड तिने थोडी तरी मोडली. परंतु ज्यास मैदानावर थांबावयास सवड होती, त्याच्याच पदरात आणखी गुण पडतात, हेही विसरून चालणार नाही.

मग काय, सर्वांसच बक्षिसे द्यावीत? तसे आम्ही म्हणत नाही. सर्वांस दिलेले बक्षीस कोणासच दिल्यासारखे होत नाही, आणि उत्तम धावणाऱ्या मुलीचा गौरव झालाच पाहिजे. उलट, शेतात राबून शाळेत येणाऱ्या मुलाची व्यासपीठावर स्तुती करावी, ही सूचना वरकरणी उदार दिसली तरी तीत एक धोका आहे. त्याच्या कष्टांस आपण टाळ्या वाजविल्या म्हणजे ते कष्ट त्याच्यावर का पडले, हे विचारण्याची आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटू लागते. गरिबीचे कौतुक हा गरिबीवरील उपाय नव्हे. शिवाय आपल्या घरची अडचण चारचौघांत वाचली जावी, अशी कोणत्या मुलाची इच्छा असेल?

आमचे म्हणणे इतकेच की, अहवाल हा शाळेचा जमाखर्च आहे, आणि जमाखर्चात दोन्ही बाजू लिहावयाच्या असतात. किती मुलांनी स्पर्धेत भाग घेतला याबरोबर किती मुलांस घेता आला नाही, व का, हे नावे न घेता त्यात यावे. लागवडीच्या पंधरवड्यात वर्ग किती रिकामे राहिले, हेही यावे. ज्याचा आकडा मांडला जातो त्याची काळजी घेतली जाते; जे कागदावर येतच नाही त्याचे उत्तर कोणी मागत नाही.

शेतकऱ्यास हा हिशेब परका नाही. लाल कांदा काढला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत ठेवतात, आणि तो कितपत टिकला हे पावसाळ्यात कळते. शाळेने मुलांस काय दिले, तेही बक्षीस-समारंभाच्या संध्याकाळी पुरते कळत नाही. दहा वर्षांनी कोण वाचीत राहिला, कोणी भावंडांस शिकविले, कोण बाजारातील हिशेबपट्टी नीट तपासू लागला, यावरून ते ठरते. आणि या पुढील यादीत ज्यांची नावे येतील, त्यांपैकी कित्येक आज मागच्या रांगेत बसलेले असतात.

पुढील वर्षाचे वेळापत्रक जून महिन्यात आखले जाईल. त्या वेळी शिक्षकांनी चार शेतकरी पालकांस बोलावून लागवड केव्हा येते एवढे विचारावे, आणि तालमी त्याच्या आधी उरकतील असे पाहावे. यास खर्च लागत नाही, कायदाही लागत नाही. स्पर्धा खुली आहे असे म्हणण्याचा अधिकार शाळेस त्यानंतर येईल.