मदत किती करावी?

दुसऱ्याला मदत करावी, हे सगळेच सांगतात. किती करावी, हा आकडा मात्र कुणी सांगत नाही. आणि आम्हां कारकून मंडळींना आकड्याशिवाय चैन पडत नाही. या प्रश्नाचं उत्तर मला पोथीत मिळालं नाही, एका गॅरेजात मिळालं.

ज्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, त्यांना उभी गाडी वळवणं म्हणजे काय ते सांगायला नको. ते ड्रायव्हिंग नव्हे, जात्यावरचं दळण! यावरचा उपाय अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं १९२६ सालीच करून दाखवला होता. पण तो विक्रीच्या मोटारीत आला १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. पंचवीस वर्षं! आमच्याकडे प्रमोशनसुद्धा याहून लवकर मिळतं.

माझी गाडी सेकंडहँड. एके दिवशी तिचं स्टिअरिंग जड झालं आणि वळताना बॉनेटखालून किंचाळी येऊ लागली. सोसायटीतले एक शेजारी लगेच म्हणाले, "अख्खी रॅक गेली. वीस-पंचवीस हजार धरून चला." लोकांना दुसऱ्याच्या खर्चाचा अंदाज फार चटकन येतो.

मिस्त्रींनी मात्र आधी टायरमधली हवा पाहिली. मग तेलाची पातळी. मग पट्टा दाबून पाहिला. तो सैल निघाला. "साहेब, आधी स्वस्तातलं बघायचं. लोक एकदम महागातलं खोलतात," ते म्हणाले. हे वाक्य डॉक्टर, सासरे आणि ऑडिटर यांच्या केबिनमध्ये लावण्यासारखं आहे.

पट्टा ताणता ताणता त्यांनी यंत्राची गंमत सांगितली. पट्टा पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो. पण तेल आपणहून मदतीला येत नाही. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. आपण जोर लावला की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळाच्या मापानं झडप उघडते. आपला जोर नाही, तर मदत नाही. आताच्या गाड्यांत तेलाच्या जागी विजेची मोटर आली, पण पीळ मोजल्याखेरीज तीही हलत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत वेग वाढला की मदत कमी होते, म्हणजे रस्ता हाताला कळत राहतो. आणि समजा, मदत पार बंद पडली, तरी दांडा चाकांना जोडलेलाच असतो. गाडी जड होते, पण वळते.

मला एकदम आमच्या काउंटरवर येणाऱ्या एक आजी आठवल्या. खातं दोघांच्या नावावर, पण बँकेची पायरी त्यांनी यजमान गेल्यावरच चढली. घरातला सगळा कारभार त्यांनी एकट्यानं केला, प्रेमानं केला; बाईंना बोट लावू दिलं नाही. आता विथड्रॉल स्लिप हातात धरून आजी विचारत होत्या, "भाऊ, सही कुठं करायची?" यजमानांनी मदत नव्हती केली, गाडीच स्वतः चालवली होती. ते उतरले तेव्हा बाईंच्या हातात स्टिअरिंग होतं, पण दांडा कुठंच जोडलेला नव्हता.

अशा वेळी मी काय करावं? स्लिप भरून देणं अर्ध्या मिनिटाचं काम. मागं रांगेत बाराजण, त्यांतले चार घड्याळाकडे पाहणारे. माणुसकी म्हणते, भरून दे. रांगही तेच म्हणते. पण माणुसकी आणि रांग एकाच बाजूला असली, की मला थोडा संशय येतो. आपण आजींची सोय बघतोय की रांगेची?

मी फक्त रकान्यावर बोट ठेवलं आणि थांबलो. त्या अडल्या की एक शब्द सांगायचो. आजींनी 'पाच हजार' लिहिलं, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "पुढं 'फक्त' लिहायचं ना? ह्यांच्या चेकवर असायचं."

"लिहा की," मी म्हणालो.

रांगेतून आवाज आला, "अहो, तुम्हीच भरून द्या ना! जरा मदत करा म्हाताऱ्या माणसाला!"

"तेच चाललंय," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. पुढच्या महिन्यात आजींनी स्लिप घरूनच भरून आणली. खाडाखोड दोन ठिकाणी होती. पण अक्षर त्यांचं होतं.