चौथे यंत्र की बाक?

घराच्या नकाशात प्रत्येक खोलीला तिचे काम नेमून दिलेले असते. जुन्या वाड्यात ओटी होती, माजघर होते, देवघर होते, कोठीघर आणि बाळंतिणीची खोली होती. पण खेळघर नव्हते. याचा अर्थ आपले वाडवडील खेळत नव्हते असा नाही. सारीपाट ओटीवर मांडला जाई, पत्त्यांचा डाव माडीवर पडे, सागरगोटे माजघराच्या उंबऱ्याशी खेळले जात आणि मंगळागौरीच्या रात्री तर सगळे माजघरच रिकामे होऊन बायकांच्या हवाली होई. खेळाला घरात जागा होती, खोली नव्हती. तो पाहुण्यासारखा यायचा आणि वेळ झाली की आवरून जायचा. आता त्याला कायमचे बिऱ्हाड द्यावे काय, असा प्रश्न नव्या घरांनी उभा केला आहे, आणि तो वरवर वाटतो तितका चैनीचा नाही.

मंडीदीपचे उदाहरण घेऊ. भोपाळहून नर्मदापुरमकडे जाताना वीस-पंचवीस किलोमीटरांवर हे कारखान्यांचे गाव लागते. जिल्हा रायसेन, पण बाहेर ओळख भोपाळची. ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडांपासून औषधांपर्यंत बरेच काही इथे तयार होते आणि गावाचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालते. अशा गावात घरातली जास्तीची खोली म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारे भाडे. समजा, इथे उभी हयात नोकरी केलेल्या एखाद्या मराठी माणसाने घर बांधायला काढले आणि नकाशात दहा बाय बाराची एक खोली केवळ खेळासाठी राखली, तीही पिनबॉलच्या यंत्रांसाठी, तर शेजारीपाजारी काय म्हणतील? दिवसभर यंत्रापुढे उभा राहून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा यंत्रापुढेच उभा राहणार, आणि त्यासाठी हातचे भाडे सोडणार! हे हसणे सोपे आहे. पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच.

पिनबॉल आपल्याला अगदी परका नाही. उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना मिळणारे बॅगाटेल आठवावे. एक लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांची कुंपणे, मधोमध गुणांची घरे, कडेने स्प्रिंगचा दांडा आणि पोलादी गोळ्या. पिनबॉल हा त्या बॅगाटेलचाच वाढलेला वंशज. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह याने बॅगाटेलच्या सुधारणांचे पेटंट घेतले. तो स्प्रिंगचा दांडा त्यातलाच. पुढे फळीवर काच आली, वीज आली, दिवे आणि घंटा आल्या. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या यंत्रात फ्लिपर आले, म्हणजे बटण दाबताच गोळीला परत वर फटकावणारे हात. तोवर गोळी सोडल्यावर यंत्राला थोडे धक्के देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही नव्हते. फ्लिपरांमुळे घसरत्या गोळीला पुन्हा पुन्हा वाचवणे शक्य झाले. दैव आणि प्रयत्न यांचा आपल्याकडचा जुना वाद या यंत्राने असा हातावेगळा केला.

निदान तसे म्हटले गेले. न्यूयॉर्क शहराने १९४२ साली पिनबॉल हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली होती आणि महापौर ला ग्वार्डिया यांनी यंत्रे घणाने फोडली होती. ती बंदी १९७६ साली उठली, तीही एका फटक्यावर. रॉजर शार्प या तरुणाने नगरपालिकेच्या सदस्यांसमोर यंत्र खेळून दाखवले. गोळी मधल्या वाटेने जाईल असे आधी सांगितले आणि ती तशीच गेली. खेळ कौशल्याचा आहे असे सिद्ध झाले. त्या फटक्यात नशिबाचाही हात होता, हे पुढे शार्प यांनीच मान्य केले.

आपल्याकडचा कायदाही याच वाटेने चालत आला. १८६७ च्या जुगारविरोधी कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मात्र कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. माणसे कौशल्याच्या नावाखाली रात्री-बेरात्री एकटी बसून घर धुऊन काढत होती, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे कायद्यालाही उशिरा का होईना, जाणवले की खेळ चांगला की वाईट हे केवळ खेळाच्या नियमांवरून ठरत नाही. तो कुठे, कोणासमोर आणि काय लावून खेळला जातो, हेही पाहावे लागते. कौटिल्याला हे ठाऊक असावे. द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणी, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली व्हावे, असा त्याचा दंडक होता. चोरून खेळणाऱ्याच्या मागे काहीतरी लपलेले असते, हा त्याचा संशय.

घरातल्या यंत्रात पैसे नाहीत, तेव्हा जुगाराची भीती नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मग उरतो तो नुसता खेळ, ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही. माझ्या मते हा दोष नसून हीच त्याची बाजू आहे. कारखान्यातल्या यंत्रापुढे माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या हातून माल निघतो आणि त्या मालासाठीच तो तिथे असतो. पिनबॉलच्या यंत्रातून काहीही निघत नाही. गोळी शेवटी खालच्या भोकात जाणारच, हे खेळणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असते. तरी तो तिला लांबवतो. मंडीदीपहून फार दूर नसलेल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांकडे १९५७ साली आपल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी जगाचे लक्ष वेधले. तिथल्या भिंतींवर शिकारीची चित्रे आहेत, तशी हातात हात घालून रांगेने नाचणाऱ्या माणसांचीही आहेत. ज्यांना रोजच्या पोटाची भ्रांत होती त्यांनीही निवाऱ्याच्या भिंतीवर नाचाला जागा दिली. तेव्हा भाडे बुडवून खेळाला खोली देणाऱ्याला केवळ उधळ्या म्हणून मोकळे होता येणार नाही.

पण त्या चित्रातली एक गोष्ट सुटू नये. एकटा नाचणारा तिथे नाही, रांग आहे. इथे आपण पुन्हा त्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊ आणि थोडे फूटपट्टीने बोलू.

पिनबॉलचे यंत्र साधारण अडीच फूट रुंद, साडेचार फूट लांब आणि सहा फुटांहून थोडे उंच असते. वजन शंभर-सव्वाशे किलो, किंमत नव्याची असेल तर काही लाख. खेळणाऱ्याला उभे राहायला मागे तीन फूट लागतात. दहा फुटांच्या भिंतीला तीन यंत्रे ओळीने लागतात. बारा फुटांतून यंत्राचे साडेचार आणि माणसाचे तीन वजा केले की उरतात साडेचार फूट. या उरलेल्या जागेत समोरच्या भिंतीला टेकून चौथे यंत्र बसते, अगदी मापात. नाही तर तिथे एक लांब बाक बसतो. ओढूनताणून दोन्ही कोंबता येतील, पण मग खेळणाऱ्यांच्या पाठीला पाठी लागतील आणि बाकावरच्या माणसाला त्या पाठींशिवाय काही दिसणार नाही. या घराचा नैतिक प्रश्न मला त्या साडेचार फुटांत दिसतो.

कारण चौथे यंत्र हे आणखी एका खेळाडूसाठी असते आणि बाक न खेळणाऱ्यासाठी. बॅगाटेल घरात एकच असे आणि पोरे पाच. एकजण खेळे आणि चौघे डोके खुपसून बघत. त्या बघण्यात नंबर लावणे होते, गुणांचा हिशेब होता, ‘फळी हलवलीस’ म्हणून भांडण होते. पिनबॉलमध्ये हे भांडण यंत्रच सोडवते. आत एक लंबक असतो. यंत्राला हलका धक्का दिला तर चालतो, जास्त जोराने हलवले की टिल्ट होतो, फ्लिपर मरतात आणि ती गोळी गेलीच. मर्यादेत राहून धक्का द्यावा, हा धडा चांगलाच आहे. पण तो लंबकाने शिकवला तर पोर यंत्राला घाबरायला शिकते, आणि धाकट्या बहिणीने शिकवला तर दुसऱ्याची पाळी मानायला शिकते. आज हातातल्या मोबाइलमध्ये शेकडो खेळ आहेत आणि त्यांतल्या एकालाही बघ्याची जागा नाही. एका घरात चार माणसे चार खेळ खेळतात आणि कोणी कोणाची पाळी येण्याची वाट पाहत नाही. चार यंत्रांची, बिनबाकाची खोली म्हणजे तेच मोबाइल शंभर किलोंचे करून उभे केल्यासारखे आहे.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या घरांना या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. आमचे पोर घरात विटीदांडू म्हणते, गल्लीत गिल्लीडंडा. बेळगाव-निपाणीकडे तेच चिन्नीदांडू होते. पकडापकडीत मराठीत ‘राज्य’ येते ते हिंदीत ‘दाम’ होते. पुष्कळ आईबापांना मनातून वाटते की मूल घरात खेळले तर मराठीत खेळेल, बाहेर गेले की भाषा जाईल. खेळघराच्या खर्चामागे ही न बोललेली आशाही असू शकते. ती समजण्यासारखी आहे. घरात बोलली गेली नाही तर आपली भाषा मंडीदीपच्या रस्त्यावर कोण बोलणार? पण दार लावून जपलेली भाषा जेवणाच्या सूचनांपुरती उरते. भाषेला भांडण लागते, चिडवणे लागते, ‘रडीचा डाव’ म्हणून कोणाला तरी हिणवावे लागते; आणि त्यासाठी समोर दुसरे पोर लागते. शेजारचे हिंदी पोर त्या बाकावर बसले तर आठवडाभरात त्याला ‘पाळी कुणाची?’ हे मराठीत विचारता येईल आणि आपल्या पोराचे हिंदीही सुधारेल. खेळात कोणीच भाषा शिकवत नाही, म्हणून ती शिकली जाते.

इतके म्हटल्यावर एक आक्षेप मीच घेतो. बघे असले म्हणजे खेळ शुद्ध राहतो काय? आपल्या वाङ्मयातले सर्वांत प्रसिद्ध खेळघर धृतराष्ट्राने बांधवले. महाभारताच्या सभापर्वात त्याचे वर्णन आहे: हजार खांब, शंभर दारे, नाव तोरणस्फटिका. बघ्यांना तिथे जागेची वाण नव्हती. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. आणि तरी जे व्हायचे ते झाले. विदुर आधीपासून सांगत होता, पुढे विकर्णही उठून बोलला. मोठी माणसे मात्र बसून राहिली. उलट वेरूळच्या लेण्यात शिवपार्वतीचा सारीपाट पाहा. तिथेही परिवार भोवती आहे, खाली नंदी आणि खोडकर गण आहेत, आणि पार्वती जिंकते आहे अशी आपली समजूत. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात ती त्या डावाच्या आठवणीने. दोन्हीकडे फासे आहेत आणि दोन्हीकडे बघे. फरक हा की एका ठिकाणी पणाला माणसे लागली आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याचे कोणी ऐकले नाही.

तेव्हा नुसता बाक पुरत नाही. त्यावर बसणाऱ्याला बोलण्याचा अधिकार हवा. घरात तो बहुधा आजीला असतो. ‘आता पुरे, पाने घेतली आहेत’ असे तिने म्हटल्यावर चालू गोळी सोडून उठता येते की नाही, यावर त्या खोलीची परीक्षा व्हावी. आणि बाकावर घरच्या बाईनेही कायमचे बघेच होऊन बसू नये. मंगळागौरीला एका रात्रीपुरते माजघर मिळे. नव्या खोलीत तिची पाळी वर्षातून एकदाच येणार असेल तर आपण वाडा पाडून पुन्हा वाडाच बांधला असे म्हणावे लागेल.

मंडीदीपजवळच भोजपूरचे शिवमंदिर आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेले, अकराव्या शतकातले, अपुरे राहिलेले. भोवतीच्या खडकांवर त्या मंदिराचे नकाशे आणि खांबांच्या रेषा कोरलेल्या अजून दिसतात. बांधकाम राहून गेले, पण बांधणाऱ्यांच्या मनात काय होते ते त्या रेषांवरून कळते. घराच्या नकाशाचेही तसेच आहे. यंत्रे आज असतील, उद्या त्यांचे सुटे भाग मिळणार नाहीत. मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जातील. खोली एखाद्या पाळीवाल्या कामगाराला भाड्यानेही जाईल. ज्यांना या दिवाळीत नकाशा काढायचा असेल त्यांनी यंत्रांची मापे जरूर घ्यावीत, वीज आणि अर्थिंग नीट करून घ्यावे. फक्त पेन्सिल हाती घेतल्यावर आधी बाक काढावा आणि मग किती यंत्रे बसतात ते मोजावे.