नादातून कृतीकडे

जे जाणले ते आचरणात आले, असे आपोआप घडत असते तर जगात अधर्म उरलाच नसता. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १९५८ साली दर दहा लक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० हून अधिक झाले. कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वी तापत आहे, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तरीही आपले वर्तन पालटत नाही. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. ‘मी एकट्याने आवरून काय होणार?’ ही निराशा होय. ती घालविण्याचे सामर्थ्य प्रत्यक्ष गायनवादनात आहे काय?

ध्वनिमुद्रित गीत मनुष्य एकांतात ऐकू शकतो. समक्ष चाललेल्या कीर्तनात मात्र शेजाऱ्याची टाळी कानी पडते, त्याची सद्गदित मुद्रा दिसते, आणि जे मला वाटते तेच यालाही वाटते, अशी खात्री पटते. सामुदायिक कार्यास हीच खात्री लागते.

यावर कोणी म्हणेल, कीर्तनातले अश्रू उंबरठा ओलांडताच सुकतात. उलट, डोळे ओलावले म्हणजे कर्तव्य झाले, असे खोटे समाधान पदरी पडते. आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) आचरणात सापडते. गावात येताच ते खराटा हाती घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहात. श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. चारचौघांत दिलेले उत्तर सहजासहजी विसरता येत नाही.

अमेरिकेतील लोकगायक पीट सीगर यांनीही सूर आणि श्रम यांची सांगड घातली. हडसन नदी सांडपाण्याने व कारखान्यांच्या घाणीने दूषित झाली होती. गायनाचे कार्यक्रम करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निधी जमविला आणि ‘क्लिअरवॉटर’ हे १०६ फूट लांबीचे शिडाचे जहाज १९६९ साली पाण्यात लोटले. पुढे शाळेतील मुले त्यावर जाऊन नदीचा अभ्यास करू लागली. १९७२ साली तेथे जलशुद्धीचा कडक कायदा झाला. त्याचे श्रेय एका गायकाचे नव्हे. परंतु कायद्यामागे जे लोकमत लागते, ते अशा मेळ्यांतूनही घडते.

नदीची घाण डोळ्यांना दिसते; हवेतील हा वायू दिसत नाही. म्हणून येथे गाणाऱ्याचे आचरण अधिकच चोख हवे. २०१९ साली कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाने, पर्यावरणाची हानी टाळण्याचा मार्ग सापडेपर्यंत आपण जगाचा दौरा करणार नाही, असे जाहीर केले. दौरे पुन्हा निघाले ते २०२२ साली. मोठ्या जलशांत श्रोत्यांच्या प्रवासाचेच इंधन बहुधा सर्वाधिक जळते. ज्या मंदिरात श्रोते पायी येतात, तेथे हा दोष मुळातच नाही.

तेव्हा उत्सवातील कीर्तनानंतर, आरतीपूर्वी, सर्वांनी मिळून एकच संकल्प उच्चारावा: रोषणाई बेताची करू, अथवा जवळच्या अंतरास वाहन काढणार नाही. आणि पुढील वर्षी त्याच सभामंडपात बुवांनी त्याचा हिशेब विचारावा. संगीताने मृदू झालेल्या मनास तत्काळ काम मिळाले, तरच ते ऐकणे सार्थकी लागेल.