पाचच्या पुड्यातले ग्रॅम

इचलकरंजी

चि. अनघास,


परवा फोनवर तू म्हणालीस की कंपनीच्या पाच आणि दहा रुपयांच्या पॅकचं ग्रॅमेज, म्हणजे आत किती ग्रॅम माल घालायचा ते, ठरवायचं काम आता तुझ्याकडे आलंय. बढतीचा सगळ्यांनाच आनंद झाला, तुझे बाबा तर गल्लीभर सांगत सुटलेत. मला मात्र त्या कामाबद्दल तुझ्याशी सविस्तर बोलायचं आहे आणि ते फोनवर जमत नाही. तू जो पुडा कागदावर आखणार, तो मी उभा जन्म काउंटरमागे बसून विकलाय. म्हणून हे पत्र.

आपल्या गावात यंत्रमागावरच्या माणसाचा पगार आठवड्याला होतो. महिन्याचा किराणा एकदम भरावा एवढे पैसे त्याच्या हातात येतच नाहीत. त्यामुळे चहापूड पाचची, बिस्किटं पाचची, फरसाण दहाचं, शॅम्पू दोनचा, असा संसार चालतो. या घरांत कुणी वजन मागत नाही. 'पाचचा पुडा द्या' एवढंच म्हणतात, आणि शाळेत न जाणारं पोरसुद्धा मुठीत नाणं घेऊन येतं आणि तोच पुडा घेऊन जातं. कंपन्यांनी हे फार आधी ओळखलं. पाचाचे सहा केले तर गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जातं, आतले पाच ग्रॅम काढले तर जात नाही.

जात नाही, पण त्याला कळतच नाही असं समजू नकोस. मागाच्या कांड्या भरायला जाणारी एक बाई आपल्याकडे वर्षानुवर्षं माल नेते. तिने एकदा पुडा हातात घेतला, तळव्यावर दोनदा वरखाली केला आणि म्हणाली, "काका, ह्यो हलका लागतोय की." मी काट्यावर ठेवला. मागच्या रॅकवर जुन्या मालातला एक शिल्लक होता, तोही ठेवला. कागद तोच, रंग तोच, लांबी तीच, बिस्किटंही तेवढीच. फक्त प्रत्येक बिस्कीट जरासं पातळ. वजनाचा आकडा मागच्या बाजूला, जोडाजवळ, बारीक अक्षरात. सेल्समनला विचारलं तर म्हणाला, माल तोच आहे, पॅकिंग नवीन आलंय. त्या पोरालाही वरून कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या बाईला उत्तर मला द्यावं लागलं, कारण तिच्यासमोर मी होतो. ज्यांनी ते ग्रॅम काढले ते तिला कधीच दिसणार नाहीत.

कंपनीला खर्च नसतात असं मी म्हणत नाही. गहू, साखर, डिझेल, पॅकिंग, सगळं वाढतं. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जेमतेम साडेतीन आठवडे बंद केली, तर इथल्या घाऊक बाजाराचं धाबं दणाणलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलाच्या आयातीवरची मूळ ड्युटी शून्यावरून २० टक्क्यांवर नेली आणि काही आठवड्यांत साबण महागले. साबणात पामतेल असतं, तेही समजलं. पण मे २०२५ च्या अखेरीस तीच ड्युटी १० टक्क्यांवर आली. भाव चढताना सेल्समन नवी दरपत्रकं घेऊन धावत येतो. उतरताना येतो तो स्कीम घेऊन, चारवर एक साबण फुकट. दोन महिन्यांनी स्कीम संपते आणि चढलेली किंमत तिथेच राहते. माझं भांडण आहे ते इथे. खर्च भागवायला वाढवलेला दर खर्च उतरल्यावरही ठेवला, तर तो निव्वळ नफा झाला, आणि तो पाच-दहाच्या नाण्यांनी भरणाऱ्यांकडून गोळा केलेला नफा आहे.

पूर्वी याला थोडा लगाम होता. बिस्किटं, चहा, खाद्यतेल, साबण अशा मालाची पॅकची वजनं वजनमापाच्या नियमांत ठरवून दिलेली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली, २०२२ मध्ये तसा अंमल सुरू झाला. त्याबदल्यात एका ग्रॅमला किंवा किलोला काय दर पडतो ते छापायचं ठरलं. हेतू चांगला आहे. पण ५० ग्रॅमच्या पाचच्या पुड्यावर ग्रॅमला ०.१० रुपये छापलेलं असतं आणि ४५ ग्रॅमच्या पुड्यावर ०.११. हा एका पैशाचा फरक कुणाच्या डोळ्यांत भरणार? प्रत्यक्षात ती ११ टक्के दरवाढ आहे. तेलाचं तर आणखी अवघड झालंय. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. आता एकसारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत ९१० असतात, ८५० असतात, ८०० ही असतात. समज, ९१० ची पिशवी १५० ला आहे आणि ८०० ची १४० ला. बाई दहा रुपये वाचले म्हणून दुसरी उचलते आणि किलोमागे दहा रुपये जास्त मोजून जाते. छोटा पॅक म्हणजे लूटच, असं मात्र नाही. शॅम्पूचा पाऊच पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. म्हणजे मनात आणलं तर गरिबाला छोट्या पॅकमध्येही रास्त माल देता येतो.

आता तुझ्या कामाशी थेट जोडलेली गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ ला बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. मी पाचच्या पुड्याचा हिशेब वहीत मांडला. १८ टक्के कर वजा जाता मूळ किंमत ४ रुपये २४ पैसे. त्यावर ५ टक्के लावले की ४ रुपये ४५ पैसे. म्हणजे ५५ पैसे गिऱ्हाइकाला मिळायला हवेत. एवढे सुटे कुठून द्यायचे, हे कंपन्यांचं म्हणणं रास्त आहे. मग तेवढा माल वाढवावा, ५० ग्रॅमचा पुडा ५६ ग्रॅमचा करावा. पण कुणी ५६ ऐवजी ५३ च घातले आणि वर 'जादा माल' असं ठळक छापलं, तर? गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जाईल.

करकपातीचा फायदा गिऱ्हाइकाला द्यायलाच हवा, असं जीएसटी कायद्याचं कलम १७१ सांगतं. त्यासाठी २०१७ मध्ये नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने हिंदुस्थान युनिलिव्हरवर ३८३ कोटी रुपयांच्या नफेखोरीचा ठपका ठेवला. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवलं. पण १ एप्रिल २०२५ पासून त्याखाली नव्या तक्रारी घेणंच बंद झालं. सप्टेंबरची कपात आली तेव्हा कलम पुस्तकात होतं, दार बंद होतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, मी दुकानात लावूनही ठेवलाय. पण दिवसभर कांड्या भरून आलेली बाई तीन ग्रॅमसाठी फोन लावत बसेल का? ते तीन ग्रॅम फक्त एका टेबलावर दिसतात, आणि त्या टेबलाशी आता तू बसतेस.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईत लाटणी घेऊन मोर्चे काढले. तेव्हा साठेबाजाचं गोदाम बोट दाखवून सांगता यायचं, मंत्र्याच्या दारात जाता यायचं. आज त्या बायांच्या नाती कुणाच्या दारात जाणार? महागाई एक्सेलच्या एका खान्यात होते. तो खाना ज्याच्या हातात असेल त्यालाच त्यांची आठवण ठेवावी लागेल, दुसरा मार्ग मला दिसत नाही.

म्हणून सांगतो, ऐक. दर वाढवायची पाळी आली तर उघड वाढव, सहा रुपये छाप. गिऱ्हाईक कुरकुर करील, काही दिवस खप पडेल, आम्हा दुकानदारांना बोलणी खावी लागतील. ती आम्ही खाऊ, कारण किंमत बघून घ्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाला ठरवता येईल. वजन कमी करावंच लागलं तर नवा आकडा पुढच्या बाजूला, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात घाल आणि आधी किती होतं तेही लिही. हे अशक्य नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, किंमत न उतरवता वजन घटवलेल्या मालाजवळ तशी पाटी दोन महिने लावावी लागते. आणि ज्या दिवशी कच्चा माल महागला म्हणून ग्रॅम काढशील, त्याच दिवशी फाइलवर लिहून ठेव की कोणत्या भावाला ते परत घालायचे. नंतर कुणी आपण होऊन ती फाइल उघडत नाही.

तुझे साहेब म्हणतील, सगळ्याच कंपन्या करतात. करतात, हे मी रोज बघतो. तू तुझं म्हणणं मेलवर लिहून पाठव, मीटिंगमध्ये तोंडी बोललेलं तिथेच विरून जातं. नाही ऐकलं तर रागाने राजीनामा टाकून येऊ नकोस. तुझ्या जागी येणारा कदाचित प्रश्नही विचारणार नाही. फक्त एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की कर: कर कमी झालेले पैसे कंपनीतच ठेवायचा कागद समोर आला तर त्यावर तुझी सही नको. तो पैसा सरकारने गिऱ्हाइकासाठी सोडलेला आहे, त्यातून वार्षिक टार्गेट पुरं करायचा हक्क कुणालाच नाही. यात एखादी बढती हुकली तर हुकू दे. तुझं घर काही त्यावर अडलेलं नाही, आणि अडलंच तर मी आहे.

दिवाळीला येशील तेव्हा पगाराची एखादी संध्याकाळ दुकानात उभी राहा. सहा ते नऊ, गर्दी असते तेव्हा. मी बाजूला बसतो, माल तू दे. टीममधलं कुणी यायला तयार असेल तर त्यालाही घेऊन ये, माडीवर झोपायची सोय होईल.

तुझा,
सदाकाका